पत्ते उघडायच्या आधी

आमच्या दाजींना कुठलीही लिफ्ट दुरुस्त करता येते, तिच्यात अडकून रडणाऱ्या माणसाला बाहेरून बोलून बोलून हसवता येतं. पण हातात पंजीची जोडी आली की गप्प बसता येत नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये दिवसपाळीची जागा रिकामी झाली की ती पोकरवर ठरते. साहेबांनी एकदा स्वतः माणूस निवडला तर एवढी भांडणं झाली, की पुढच्या वेळी त्यांनीच पत्ते आणून टाकले. चिप्सच्या जागी वॉशर. शेवटपर्यंत टिकेल त्याला दिवसपाळी. दाजी लग्नापासून रात्रपाळीत आहेत. ताई लाँड्रीतून घरी येते तेव्हा हे बूट चढवत असतात. त्यांचा संसार म्हणजे दारात एकमेकांना वाट देणं.

म्हणून यंदा मी आठवडाभर त्यांच्याशी डोकेफोड केली. दाजींचा नियम एकच: हातातल्या दोन पत्त्यांची जोडी जमली, की समोरच्याने लावलेल्यावर आणखी चढवायचं, मधले पत्ते उघडायच्या आधीच.

"अरे, दार वेळेवर लावलं नाही तर चारजण आत घुसतात," ते म्हणायचे.

"राजाची जोडी असेल तर लावा की दार. दुर्री-तिर्रीला कशाला? आणि दाजी, तुम्ही फक्त जोडीवरच चढवता. सगळ्यांना पाठ झालंय ते. कधीतरी नुसत्या एक्क्यावर चढवा, छोटी जोडी आली तर गुपचूप मधले पत्ते बघा."

"पटलं," ते म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

खेळाच्या दिवशी मी पहिल्या तासातच बाहेर पडलो आणि त्यांच्या मागे उभा राहिलो. दाजी मात्र खरंच संयमाने खेळले. छोट्या जोड्या गुपचूप टाकल्या, एकदा तर फुसक्या पत्त्यांवर चढवून वेल्डरला पळवलं. शेवटी ते आणि स्टोअरकीपर उरले. दाजींकडे वॉशर जास्त होते.

स्टोअरकीपरने वाढवलं. दाजींनी पत्त्यांचे कोपरे उचलले. पंजी, पंजी. मी मागून खाकरलो. ये रे माझ्या मागल्या! त्यांनी तिप्पट चढवलं. स्टोअरकीपरने सगळे वॉशर पुढे सरकवले. तेव्हाही पत्ते फेकता आले असते. दाजींनी तेवढेच लावले. समोर राणीची जोडी निघाली, मधल्या पत्त्यांनी काही मदत केली नाही. उरलेले मूठभर वॉशर पुढच्याच डावात गेले.

घरी येईपर्यंत मी बडबडत होतो. इतका संताप आला होता की रस्ता कधी संपला कळलं नाही.

ताई दारातच उभी होती. आमची तोंडं बघून तिला कळलं.

"काय होतं हातात?" तिने विचारलं.

"पंजीची जोडी," दाजी म्हणाले.

"चढवलंत ना?"

"चढवलं."

"मग झालं. मी तरी दुसरं काय केलं असतं?" ती म्हणाली. "लग्नानंतर मीच हा खेळ शिकवला, तेव्हा जोडी हातात असूनही मधले पत्ते बघत बसायचे हे. दर सुट्टीला हरायचे माझ्याकडून."

आठवडाभर मी चुकीच्या माणसाशी भांडत होतो. आता भांडण्यात अर्थ नव्हता. दाजी खाली बसून बूट चढवायला लागले आणि ताईने आतून त्यांचा डबा आणला. तो तिने आधीच भरून ठेवला होता.