वाऱ्याची पिवळी ओळ

रुबिना पुण्यात नेमकं काय काम करते, हे जानेफळात तिच्या अब्बांना, मेहबूबभाईंनाच तेवढं समजलं होतं. ती कपाशीच्या फवारणीचं मोबाईल अ‍ॅप तपासायची. आधी साधं वाक्य लिहायची: "वारा जोराचा असताना शेतकऱ्यानं फवारणी नोंदवली, तर फोननं वाजून अडवावं." मग संगणक पडताळायचा. खरं ठरलं की हिरवं, खोटं ठरलं की लाल. आणि ज्याची तपासणीच लिहून झालेली नाही, ते पिवळं. पेंडिंग.

"म्हंजे तुऱ्हाटी," अब्बा फोनवर म्हणाले होते. सरकी उगवली नाही तिथं ते तुरीची वाळकी काडी खोचत, ती रिकामी जागा, नांगी, पुन्हा बी टोबून भरायची राहू नये म्हणून. "खोच अन् इसरू नोको बेटा."

वाऱ्याची ओळ पिवळीच राहिली. किती वाऱ्याला अडवायचं, ते आकडे द्यायला कोणी तयार नव्हतं. अ‍ॅप बाहेर पडायचा दिवस आला. ऑफिसातल्या तिच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, पेंडिंगच आहे ना? फेल तर नाही ना? मग जाऊ दे की!" जणू चहात साखर कमी पडली होती. लाल ओळ अ‍ॅप अडवते, पिवळी अडवत नाही, हे रुबिनालाही माहीत होतं. ती "बरं" म्हणाली.

अब्बांनी पहिल्याच दिवशी अ‍ॅप घेतलं आणि हॉटेलात सगळ्यांना दाखवलं. "माह्या पोरीनं तपासलं हे! वारा असन तं हेच बोंबलते." कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा दुकानदार सांगे, फवारणीचं नावच नको. आता गुलाबी बोंडअळीपायी आठवड्याला पंप पाठीवर होता.

त्या सकाळी वारा सुटला होता. शेजारच्या वावरातून सहदेव ओरडला, "काऊन बे मेहबूब, वाऱ्यात मारून राह्यला?"

"फोन चूप हाये ना!"

दुपारी ते वाऱ्यानं उलटलेल्या औषधानं भिजून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडलेले सापडले. बुलढाण्याच्या दवाखान्यात जीव वाचला. डोळ्यांना मात्र उजेड आणि अंधार एवढंच कळायचं उरलं.

रुबिना रात्रभर प्रवास करून आली. कॉटची दांडी धरून म्हणाली, "अब्बा, ते ओळ पिवळी होती. मले ठाऊक होतं. तुमाले सांगतलं नाही."

अब्बांनी तिच्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाले, "तुऱ्हाटी खोचली होती ना?"

"हाव."

"कोनाले दिसली ते?"

"मले. अन् मॅडमले."

"वावर माहं होतं बेटा."

तिनं तिथंच लॅपटॉप उघडला आणि नियम बदलला: यापुढं पिवळं म्हणजे नापास. एकही ओळ पिवळी असली, तरी नवं अ‍ॅप बाहेर जाणार नाही.

तासाभरात फोन आला. "अगं रुबिना, सगळंच अडकलंय! कोणी केलं हे?"

"मी केलं मॅडम. वाऱ्याची ओळ लिहून होईपर्यंत असंच राहील."

तिनं फोन ठेवला.

"आता कोनता रंग हाये?" अब्बांनी विचारलं.

"लाल."

"राहू दे मंग," ते म्हणाले, आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून पडून राहिले.