सुपारीएवढं काळीज

"काय बघतंस? माणूस बघूक नाय कधी?"

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली की जिन्यात हे ऐकू यायचंच. आमच्या शेजारच्या काकी दर मजल्यावर थांबायच्या आणि जो समोर दिसेल त्याच्याशी भांडण काढायच्या. इस्त्रीवाला असो, नाहीतर शेजारीण. भांडून झालं की पुढचा मजला. मालवणी बाई, तोंडाळच असणार, असं सगळे म्हणायचे. तुम्हीही तेच म्हटलं असतंत.

उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या. मूलबाळ नाही. समोरच्या दारात त्यांचे थोरले दीर, चांगले धिप्पाड, दिवसभर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलेले. काकींच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली त्या दुपारी काकी रिक्षा आणायला धावल्या, तर या गृहस्थांनी त्यांना दारातच अडवलं.

"सुपारीएवढं काळीज तुझं! गॅस झालाय त्याला. ओवा दे."

थोरल्यांचा शब्द. काकींनी ओवा दिला. संध्याकाळी नवरा गेला.

त्यानंतर त्या घरात ओवा शिरला नाही. दिरांना मात्र काकींना हाक मारायला 'सुपारी' हे नाव तेव्हापासून पुरलं. "काय सुपारी, बाजारात का?" काकी हसून म्हणायच्या, "फेडीन हां, भावजी." लोकांना ती थट्टा वाटायची. मला कधीच वाटली नाही.

चेंबूरला हृदयाचं स्कॅन करतात तिथे मी टेक्निशियन आहे. दिरांची तपासणी आमच्याकडेच झाली. हृदय ताणून मोठं झालेलं, आणि दर ठोक्याला जेमतेम अडतीस टक्के रक्त बाहेर टाकणारं; धडधाकट हृदय साठेक टक्के टाकतं. मी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. त्यांच्या सुनेनेच अख्ख्या मजल्याला सांगितलं. लगेच काकी माझ्यासमोर हजर. तशी स्कॅनसाठी डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्याकडे कधीचीच पडून होती.

"माझो पण फोटो काढ गो चेडवा."

शिरेत औषधाची सुई घ्यायची, मग हात डोक्याकडे नेऊन कॅमेऱ्याखाली गप्प पडायचं. गप्प पडणं काकींना कुठलं जमायला! "विचार ह्या मशीनाक, माझा काळीज केवढा ता."

मशीनने सांगितलं, चौऱ्याऐंशी टक्के.

डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून नीट समजावलं. मी तिथेच होते. "आजी, या आकड्यावर जाऊ नका. तुमची चण लहान, हृदयही लहान. ते आवळलं की आतली पोकळी इतकी बारीक होते की कॅमेऱ्याला धड दिसतच नाही. त्याला वाटतं, जवळजवळ सगळं रक्त बाहेर गेलं. मग आकडा फुगतो. अंगापिंडाने बारीक बायकांत हे आम्ही बघतो. पण तुमच्या हृदयाच्या एका भिंतीला रक्त कमी पोचतंय. अँजिओग्राफी करून घ्या."

काकींनी एवढंच विचारलं, "चौऱ्याऐंशी ना?"

त्याच दिवशी त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. "भावजी, माझे चौऱ्याऐंशी. तुमचे अडतीस. आता सुपारी कोण ता सांगा." अख्खा मजला खो खो हसला. दिरांनी खुर्ची उचलून आत नेली, ती पुन्हा बाहेर आली नाही. खोटं कशाला बोलू, मला झकास वाटलं.

पण अँजिओग्राफीचं नाव काढलं की काकी उसळायच्या. "अॅडमिट झालंय तर तेका कळतला. मगे खुर्ची परत भायर येतली."

"जीव जाईल ना काकी तुमचा!"

"जाऊंदे. जिंकान जातलंय."

मी रडले, ओरडले, अबोला धरला. त्यांनी मलाच नवऱ्याच्या फोटोवर हात ठेवायला लावला, कुणाला सांगायचं नाही म्हणून. गोळ्या तेवढ्या घ्यायच्या, त्याही मसाल्याच्या बरणीमागे लपवून. जिन्यातल्या भांडणांचा अर्थ मला तेव्हा लागला. बाई दम खात होती, आणि कुणाला कळू देत नव्हती.

गेल्या त्या जिन्यातच, दुसऱ्या मजल्यावर. भर दुपारची वेळ, भांडायला कुणीच नव्हतं.

तेरावं झालं आणि दीर माझ्या दारात आले. समोरच्या दारातून इथवर येतानाच त्यांना धाप लागली होती.

"खरं सांग. चौऱ्याऐंशी होते तिचे? मग गेली कशी? तुमचं मशीन चुकलं असणार."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. दुःख शोधत होते. दिसली ती आशा, आपले अडतीसही चुकीचे निघतील ही. माझं डोकंच फिरलं. मी एक शब्द बोलले असते तर खुर्ची पुन्हा बाहेर आली असती.

"चौऱ्याऐंशीच होते, काका."

"मग झालं काय तिला?"

"गॅस झाला असेल," मी म्हटलं. "ओवा द्यायचात ना."

आणि दार लावून घेतलं, चांगलं आपटून.