भाऊजींची गाण्याची खोली

सकाळचा चहा गॅसवर होता आणि ताईचा फोन आला. "कुंदे, तुहे भाऊजी उठूनच नाई राहिले वं..." एवढंच ती बोलली. माझ्या गोंदियाहून ताईचं बिरसी काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. झोपेतच गेले, चेहऱ्यावर त्रासाची रेघसुद्धा नव्हती. खूप रडले मी. पण आता दीड-दोन महिन्यांनी त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं. मेहुणी आहे मी त्यांची. थट्टेचा हक्क माझा, आणि तो त्यांच्या जाण्यानं संपत नाही.

खुशालभाऊजी धानाचे शेतकरी. घराची जागा रस्त्यापेक्षा खोल होती. भरण घालण्यापेक्षा तळघर काढा, असं मिस्त्रीनं सुचवलं आणि यांनी मान डोलावली. पैसे वरच्या घरातच संपले, तळघराच्या विटा उघड्याच राहिल्या. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, पण दिवाळीनंतर खोली कोरडी ठणठणीत. मग मळणी झालेला धान फळ्यांवर रचून तिथे ठेवायचे. भाऊजींच्या मनात मात्र वेगळंच होतं. सतार, सनई, सारंगीच्या जुन्या रेकॉर्डी त्यांनी कुठून कुठून जमवल्या होत्या आणि त्या निवांत ऐकायला घरात जागा नव्हती. डोक्यावर गावच्या विमानतळाची शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालणार, स्वयंपाकघरात ताईचा मिक्सर. "पोट्टे इमान शिकून राहिले, शिकू दे. मी खाली जातो," म्हणायचे. खाली गिलावा, फरशी, वर सजावटीचं छत करून गाण्याची खोली करायची की नाही, यावरचा त्या नवरा-बायकोचा वाद मी कितीतरी वर्षं ऐकला. ताईचं एकच, "मंग धान कुठं ठेवाचा? तुमच्या डोक्स्यावर?"

शेवटी एका उन्हाळ्यात ताई मुलाकडे, प्रशांतकडे पुण्याला गेली आणि यांनी डाव साधला. गोंदियाच्या फरशीवाल्यानं सांगितलं, "भाईसाब, चिकनी टाइल्स लगा दो, एकदम होटल जैसा चमकेगा." जमिनीवर तर लावलीच, भिंतींनाही छातीभर लावली. ओलीलाही बरी, असा वर हिशोब. ताई परतल्यावर आम्हाला सगळ्यांना बोलावलं, खुर्च्या मांडल्या, सतारीची रेकॉर्ड लावली... आणि जे काही ऐकू आलं! एक सूर निघाला की चार भिंतींवरून चार होऊन परत. विहिरीत कुणी भांडी घासतंय, असं. ताईनंच तोंड उघडलं, "आता इथं न्हानी करा, पाह्यजे तेवढ्या बादल्या मावते." भाऊजींनी छताचं काम तिथेच थांबवलं. खोली पूर्ण करावी की फरशी उखडून टाकावी, त्यांना ठरवता येईना.

त्या वर्षी मळणी होते न होते तोच आभाळ भरून आलं. धान घाईघाईनं खाली उतरवला, पोती चारी भिंतींना छतापर्यंत लागली. उंदरांचा बंदोबस्त करायला म्हणून भाऊजी दुपारी खाली गेले आणि सहज रेकॉर्ड लावली. थोड्या वेळानं मला फोन, "कुंदा, ये. आत्ताच ये."

"काऊन, काय झालं?"

"ये म्हणतो ना!"

गेले. तीच सतार, तीच खोली, पण आता एकेक तार वेगळी आणि जवळची. सगळा घुमारा पोत्यांनी पिऊन टाकला होता, वरचं विमानही ऐकू येईना. धानाच्या वासात, पोत्याला पाठ टेकून आम्ही दोघं ऐकत बसलो. ताई दारातच उभी. "मले काम हाय," म्हणाली आणि रेकॉर्ड संपेपर्यंत हलली नाही. भाऊजींचे डोळे भरून आले होते.

तेव्हापासून त्यांच्याकडे गाण्याचा हंगाम दिवाळी ते होळी. आणि भाऊजी धान विकायला टाळाटाळ करू लागले. भाव चढेल, गाडी मिळत नाही, आज अमावस्या आहे... कारणांना काय तोटा! ताई वैतागायची, "अवो, धान विकाचा हाय का त्याले गानं आयकवाचं हाय?"

"त्यालेच समजते. तुले कुठं समजते?"

यंदाही शेवटची पोती होळी उलटल्यावर गेली आणि पाठोपाठ आठवड्यानं भाऊजी. आपला हंगाम पुरा करून गेले, याचं मला फार समाधान वाटतं.

तेरवी झाल्यावर प्रशांत म्हणाला, "आई, बाबांची खोली मी पूर्ण करतो. छत, गालिचा, भिंतींना फोम... सगळं." शेती आता ठेक्यानं जाणार होती, म्हणजे घरी धान येण्याचा प्रश्नच नव्हता. ताईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खोलीचं काय करायचं ते आता तिनंच ठरवायचं होतं. अक्षय्य तृतीयेला गावातले देवाजी ठेक्याचं बोलायला आले. सगळी रक्कम आधी रोख देतो म्हणाले. आताशा तशीच पद्धत पडली आहे. मी आणि प्रशांत माना डोलावत होतो.

ताई म्हणाली, "पैसे नोको. धान द्या."

"बाई, एवढा धान एकट्या काय करता? मी विकून पैसे आनून देतो ना..."

"विकाचा नाई. पोते घरी आनून टाका. खाली. भिंतीले लावून, पार छतापर्यंत."

देवाजी माझ्याकडे बघायला लागले. प्रशांतनं मान खाली घातली. ताई चहा ठेवायला आत गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "अन् प्रशांत, थे रेकाड कशी लावाची, तेवढं मले शिकवून जाजो."