सावंतबाईंचे ओळखीचे शब्द

मेघाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. महिना उलटला, तरी माझं मन त्या वाक्यापुढे सरकत नाही.

मेघाची आई म्हणजे आमच्या सावंतबाई. परळच्या शाळेत आम्हा दोघींचे पहिलीचे वर्ग शेजारी शेजारी. मी नवी, मुलांकडून बाराखडी घोकून घेणारी. भिंतीपलीकडे बाईंचा वर्ग मात्र हसत असायचा. त्या अक्षरांच्या आधी शब्दच ओळखायला शिकवायच्या. आई, मी, ये, घर, आहे, नाही... पानोपानी भेटणारे शब्द आधी. पुठ्ठ्यावर ठळक लिहिलेला शब्द समोर धरायचा, मुलांनी बघताक्षणी म्हणायचा. "शेजारच्या काकूंना ओळखताना तू नाक, डोळे वेगळे बघतेस का गं? चेहराच बघतेस ना? तसंच हे," असं त्यांनी मला समजावलं होतं. फोड करून वाचणं त्या मागाहून शिकवायच्याच. पण मला वाचता येतं, हे पोराला आधी वाटलं पाहिजे, यावर त्या ठाम होत्या.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात सावरला, बोलणंही परतलं, पण वाचणं गेलं. लालबागच्या घरी भेटायला गेले, तर बाई मांडीवर पेपर घेऊन बसलेल्या. "सगळे ओळखीचेच दिसतात गं, पण एकही नाव सांगत नाही."

पुढच्या शनिवारी मी पुठ्ठे कापून नेले. पहिलाच शब्द समोर धरला, तर त्यांनी तो हिसकावून जमिनीवर फेकला. रागावल्या की त्या मालवणीत बोलायच्या. "माका नको! मी काय पयलीतला पोर आसंय?" मग कितीतरी वेळ रडत राहिल्या. मेघानं पुठ्ठा उचलून माझ्या हातात दिला. शेवटी बाईच डोळे पुसत म्हणाल्या, "एवढं जवळ धरायचं नसतं. लांब धर."

मी जात राहिले. काही शब्द आले, काही आल्यासारखे वाटून पुन्हा गेले. 'नाही'पाशी तर दर वेळी अडायच्या.

एका संध्याकाळी मेघासाठी साडी बघायला आम्ही तिघी हिंदमाताच्या कापडबाजारात गेलो. एका दुकानाच्या पाटीखाली बाई थबकल्या. मान वर, ओठ हलताहेत. "आणि," त्या म्हणाल्या. पाटीवर होतं, 'साड्या आणि शालू'. तो शब्द मी त्यांना कधी दाखवलाच नव्हता. "अगं, आणि! ते बघ!" इतक्या मोठ्यानं, की दुकानदार बाहेर आला.

"बाई, पुढचं काय आहे?"

"थांब गं. आधी हाच बघू दे नीट."

ती आमची शेवटची भेट. आठवड्याच्या आतच दुसरा झटका आला.

परवा त्या रस्त्यानं गेले. पाटी तशीच आहे. मी खाली उभी राहिले... "आंटी, जरा बाजूला व्हा ना," मागून कुणीतरी म्हणालं. मी बाजूला झाले, तरी पाटीवरचा तो एकच शब्द बघत राहिले.