पोरीची सीतादही

आमच्या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट आहे आणि ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. तेलंगणात तलमडुगुकडच्या या गावात मी मराठी माध्यमाच्या पोरांना शिकवते. कपाटातल्या पुस्तकांत मुलं बर्फात खेळतात, वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकतात, आजोबांबरोबर समुद्रावर जातात. आमच्या पोरांनी बर्फ पाहिला तो रसवंतीवरच्या लादीचा. चौथीतली एक मुलगी ती पुस्तकं उघडायची, चित्रं बघायची आणि मिटून ठेवायची. अक्षरं ओळखायची, पण वाक्य आलं की गाडी अडायची. वरचे लोक म्हणतात, पोरांना वाचनाची गोडीच नाही. गोडी लागेल असं काही दिलंत का, हे कोणी विचारत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तिच्या आईनं मला शाळा उघडल्याबरोबर बजावलं होतं. "बाई, यंदाच्या वेचणीपर्यंत वाचाले लागली तं शाळेत ठेवतो. नाई तं कपाशीत नेतो. घरी हात कमी हायेत."

मग मीच ती पुस्तकं बाजूला सारली आणि पोरीला म्हटलं, तुझ्या वावरातलं काहीतरी सांग. तिनं सीतादही सांगितली. पहिल्या वेचणीला आमच्याकडे बाया कपाशीच्या झाडाला हळदकुंकू लावतात, दहीभात शिंपडतात, कापूस दह्यासारखा पांढरा निघू दे म्हणून सीतामाईला विनवतात आणि मगच कमरेला फडकं बांधून वेचायला लागतात. तिच्या गोष्टीत शिंपडलेला भात कुत्र्यानं खाल्ला होता आणि तिच्या आईनं कुत्र्यालाच हात जोडले होते. मी ते तिच्याच शब्दांत जाड कागदावर लिहिलं, चित्रं तिनं काढली, पानं सुईदोऱ्यानं शिवली. ते पुस्तक ती बोट ठेवून वाचत राहिली. पुढं बोट सुटलं, आणि ती हाताला लागेल ते वाचू लागली. मी भर वर्गात टाळ्या वाजवल्या.

आई मात्र मानेना. "तिची गोष्ट तिले तोंडपाठ हाय, बाई. शाळेचं पुस्तकही पोरं पाठच करतेत. कधी न पाह्यलेलं कोरं पुस्तक वाचून दाखवन तवा खरं."

गोष्ट तीच असली तरी छापलेलं कोरं पुस्तक येणारच होतं, आणि ते चारचौघांत वाचलं की आईची खात्री पटेल असं मला वाटलं. शहरातल्या एका संस्थेच्या लोकांना आमचं शिवलेलं पुस्तक फार आवडलं होतं. अस्सल आहे, अस्सल आहे म्हणत त्यांनी ते छापायला नेलं होतं. वेचणीच्या तोंडावर पुस्तकांचे बंद गठ्ठे आले, ते पाहुण्यांच्या हातूनच सोडायचे होते, मागोमाग पाहुणे आले, शाळेपुढं मांडव पडला. पोरीला वाचायला उभं केलं. आई मागं सतरंजीवर बसली होती.

पोरीनं पुस्तक उघडलं तेव्हाच मीही ते पहिल्यांदा पाहिलं. कपाशी गायब. गोष्टीतली मुलगी पायात बूट घालून आईबरोबर बागेत फुलं तोडायला चालली होती. सीतामाई नाही, दहीभात नाही, कुत्र्यापुढं केक. आणि मागच्या पानावर आमच्या पोरीचं नाव, गोष्ट हिनं सांगितली म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती नुसते ओठ हलवत वाचत गेली. दोन-चार पानं उलटली, मागचं पान बघितलं आणि पुस्तक खाली ठेवलं. "हे माही गोष्ट नाई," एवढं म्हणून रडायलाच लागली. मोठ्या पाहुण्यांना मराठी कुठं कळतंय? त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवर सांगितलं, "बच्ची को अभी पढ़ना नहीं आता. कोई बात नहीं."

मी धावत जाऊन कपाटातलं दुसरं पुस्तक तिच्यापुढं धरलं. पोरगी तोंड उघडेना. मग मी पाहुण्यांबरोबर आलेल्या, संस्थेच्या संपादकबाईंना गाठलं, कपाशी का काढली म्हणून विचारलं. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काम करणारं मूल दाखवता येत नाही हो. आणि पूजा दाखवली की सगळ्या मुलांना आपलंसं वाटत नाही." सगळ्या मुलांना म्हणे. जिची गोष्ट होती ती समोर हुंदके देत होती, तिच्याकडे या बाईंनी मान वळवून पाहिलंही नाही.

मांडव रिकामा झाल्यावर मी आईला परोपरीनं सांगितलं, हिला वाचता येतं, माझी शपथ. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. "तुमी पोरीले जीव लावता म्हणून म्हणता, बाई," ती शांतपणे म्हणाली. "एवढा मोठा माणूस माइकवर खोटं काऊन बोलन?"

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत आली नाही, त्यानंतरही नाही. काम करणारं मूल पुस्तकात दिसू नये, याची त्या शहाण्यांनी पुरती काळजी घेतली. मला ते रोज वर्गाच्या खिडकीतून समोरच्या कपाशीत दिसतं.