धार भिंतीला

शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं परीक्षानळ्या विसळणाऱ्या त्या माणसाला पोरं स्पिरिटकाका म्हणत. नववीतली एक मुलगी मात्र त्याला घरीही काकाच म्हणे. तिचे वडील गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, त्यानं तिच्या आईशी लग्न केलं होतं.

या शाळेत आली तेव्हा तिनं एकच अट घातली होती, "काका, शाळेत ओळख दाखवायची नाही."

त्यानं मान हलवली आणि कधी ब्रसुद्धा काढला नाही. पण मनाला लागायचं ते लागायचंच. ती "काका, बीकर द्या" म्हणाली की ती हाक बाकीच्या चाळीस तोंडांतून येणाऱ्या हाकेसारखीच वाटे. तिनं एकदा तरी आपल्याला चारचौघांत आपलं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्या दिवशी गालाच्या पेशींतला डीएनए डोळ्यांनी बघायचा होता. बाईंनी सगळ्यांना मिठाचं पाणी तोंडात धरून खळखळवायला लावलं. त्यामुळे नववी ब एक मिनिटभर गप्प बसली, हीच मोठी नवलाई. मग ते पाणी नळीत घेतलं, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले. शेवटी वरून बर्फात गार केलेलं स्पिरिट ओतायचं.

इथं बहुतेकांचं बिनसलं. कुणी नळी खदाखदा हलवून फेसच काढला, कुणी स्पिरिट भसकन ओतलं आणि सगळं एकात एक कालवलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"अर्धा डीएनए आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून," बाई सांगत होत्या. बर्फाचा डबा धरून उभ्या असलेल्या त्याच्या मनात आलं, पोरीच्या नळीत आपला म्हणून एक धागाही निघायचा नाही. त्याला वाईट वाटलं. स्वतःचा थोडा रागही आला.

तेवढ्यात मुलीनं नळी तिरकी धरली आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "धार भिंतीला, नजर धारेला." स्पिरिट काचेवरून घरंगळत गेलं आणि पाण्यावर अलगद थांबलं. दोहोंच्या मध्ये पांढरे, तलम धागे वर येऊ लागले.

त्यानं बर्फाचा डबा खाली ठेवला. ते शब्द त्याचे होते. एका रविवारी स्वयंपाकघरात, अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल ओतताना त्यानं तिला ते शिकवले होते.

"वा! कुणी शिकवलं गं?" बाईंनी विचारलं.

तो पटकन कपाटाकडे वळला. शब्द दिला होता ना.

मुलीनं नळी हळूच सरळ केली. मग म्हणाली, "आमच्या काकांनी."

"कुठले काका?"

"हे काय, हे."

वर्ग हसला. बाईही हसल्या. "अगं, स्पिरिटकाका तर सगळ्यांचेच काका!"

"शाळा सुटेपर्यंत, बाई," ती म्हणाली. "मग आमच्या घरी येतात."

कुणीतरी "म्हणजे?" म्हणालं. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. नळीला बूच लावून ती कपाटापाशी आली.

"काका, ही नीट ठेवा. घरी जाताना आपण बरोबर नेऊ, आईला दाखवायला."

त्यानं नळी घेतली आणि शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी, उभी ठेवली.