तिच्या मडक्यातले भुंगे

मी शाळेची पायरी चढले नाही, अक्षरं शिकले ती लेकरांच्या पाटीवर. म्हणून आमच्या बियाण्याच्या तांत्रिक पुस्तिकेवर लेखक म्हणून माझं नाव यायचं ठरलं, तेव्हा दिवसभर मी उगीचच हसत होते, खोटं कशाला सांगू! आम्ही तिघी होतो. मुगाचं बियाणं राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायचं आणि भुंगा लागतो का ते पाहायचं, हे आमचं काम. माझ्या वहीवरून ते नीट लिहून काढलं कृषी खात्याच्या मॅडमनी.

छापायच्या आधी मॅडम म्हणाल्या, "ज्यांचं नाव, त्यांची संमती पाहिजे. सगळा मजकूर ऐकवा, मग सही घ्या. सही नसेल तर नाव काढावं लागेल."

एकीनं लगेच केली. उरली मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, आणि ती तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीला निघणार! मी तशीच जीपमध्ये बसले.

ती गाठोडी बांधत होती. म्हटलं, "आधी सही कर माय."

"आधी वाच तं खरी."

वाचलं. 'तिन्ही घरचं बियाणं चांगलं राहिलं' इथं आले, तर तिनं हात वर केला.

"तिन्ही? माह्या मडक्यात भुंगे झाले होते. तुले दाखवले नव्हते काय?"

"दाखवले वं. पण तुही बदनामी कायले करू म्हणून मीच वहीत लिहिलं नाही."

"मी म्हटलं होतं काय तुले, लपव म्हणून?"

"अवं, नाव जाईन तुहं!"

"जाऊ दे. खोट्याखाली नाही करत मी सही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग भुंगे कसे झाले ते तिनंच सांगितलं. लेक बाळंतपणाला आली होती, घाईत ओल्या हातानं मूग काढले, मडक्याचं तोंड बांधायचं राहून गेलं. मी तिथूनच मॅडमना फोन लावला.

"अहो, हेच तर लोकांना सांगायला पाहिजे!" मॅडम म्हणाल्या. "लिहा ते, आणि सहीच्या पानाचा फोटो पाठवा."

मी जुनी ओळ खोडली, बाजूला पेनानं नवी लिहिली. तिनं मला सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं, एक पान सोडू दिलं नाही. मग कुठं सही केली.

पुस्तिकेत तिसरं नाव तिचं आहे. बियाण्याचं विचारायला बाया आल्या, की मी आधी ओल्या हाताचं पान उघडते आणि सांगते, हे जिनं लिहायला लावलं ना, ती माझ्या सोबतीची आहे.